कंडिका तीन

शामराव बांते यांना भिलाईत कुणी हट्टी म्हणेल, कुणी चिक्कू म्हणेल, पण खोटारडा म्हणणारा माणूस ते राहतात त्या सुपेल्याच्या वस्तीत शोधूनही सापडायचा नाही. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये त्यांनी उभी हयात क्रेन चालवली. वर केबिनमध्ये बसायचं, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाताकडे बघायचं, त्याने हात वर केला की उचलायचं आणि आडवा केला की थांबायचं. खाली काय बांधलंय, कुणी बांधलंय, हे बघणं वरच्याचं काम नव्हे. इशाऱ्यावर हलायची ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरात मुलगा राहुल हात वर करी आणि शामराव उचलत.

असा हा माणूस म्हातारपणी दुर्गच्या कोर्टात उभा राहिला, तो सख्ख्या बहिणीविरुद्ध. सख्खी म्हणावं की सावत्र, हा प्रश्न त्याआधी बांत्यांच्या घरात कधी निघालाच नव्हता.

कारखाना बांधला जात होता तेव्हा तुमसरजवळच्या खेड्यांतून जी माणसं टोपली-फावडं घेऊन भिलाईला आली, त्यांत त्यांचे वडील बाबाराव होते. मातीकाम संपलं आणि बाबाराव खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारे मजूर, म्हणून आत घेतले गेले. पहिली बायको गावीच बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेली मुलगी, सिंधू, मामाकडे ठेवली होती. पुढे बाबारावांचं दुसरं लग्न झालं, एका खोलीचं क्वार्टर मिळालं, शामराव जन्मले. सिंधूला आता आणू, मग आणू म्हणता म्हणता ती मामाकडेच वाढली आणि तिथूनच सासरी गेली. बाबाराव वाईट बाप नव्हते. सुट्टी मिळाली की गावी जात, जाताना पोरीला कापड नेत, तिचं कन्यादान त्यांनीच केलं. फक्त कारखान्याच्या दवाखान्याच्या कार्डावर आणि क्वार्टरच्या कागदांवर जी नावं चढली, ती क्वार्टरात राहणाऱ्यांची चढली. सिंधूला भिलाईचं औषध कधी लागलं नाही, त्यामुळे तिचं नाव लिहायचं कुणाला सुचलंही नाही. तिकडून आलेल्या कितीतरी घरांत असंच झालं आहे आणि कुणालाच त्यात वावगं वाटलेलं नाही.

शामराव लहान असताना उन्हाळ्यात मामाच्या गावी धाडले जात. सिंधू त्यांच्याहून चांगली मोठी. ती त्यांना पहाटे मोहफुलं वेचायला रानात न्यायची. एकदा टोपलीत टाकायची सोडून शाम्याने फुलं तोंडातच टाकली, पोटभर खाल्ली आणि झाडाखाली आडवा झाला. बाईने त्याला पाठुंगळी मारून, डोक्यावर टोपली तशीच ठेवून घरी आणलं आणि मामीचा मार स्वतः खाल्ला. ‘बाई’ म्हणजे थोरली बहीण, त्यांच्याकडे असंच म्हणतात. हा प्रसंग शामराव मिलमधल्या मित्रांना हसत हसत सांगायचे. सांगताना ‘माझी सावत्र बहीण’ असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही.

दर भाऊबीजेला ते गाडीने तुमसर रोडला उतरत आणि बाईच्या घरी जात. रात्रपाळी करून गेले, ताप अंगात असताना गेले, पण गेले. शामरावांची आई आधीच गेली होती. बाबाराव वारले तेव्हा सिंधुताई आणि त्यांचे यजमान देवीदास आदल्या रात्रीपासून इथेच होते. तेरवीला शामरावांच्या डोक्याला दुपट्टा बांधला तो देवीदासांनी, कारण त्या समाजात तो मान जावयाचा. सगळ्या सुपेल्याने ते बघितलं.

बाबारावांनी निवृत्तीच्या पैशातून सुपेल्यात जागा घेऊन घर बांधलं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पेरूचं झाड. त्यांच्या माघारी घर शामरावांच्या नावावर करायचं काम राहुलने अंगावर घेतलं. राहुल जामुलकडे एका फॅक्टरीत सुपरवायझर आहे, कागदपत्रांत त्याचा हात चालतो. अर्जात वारसांची नावं विचारली होती.

“पप्पा, एकच नाव टाकतो. आत्याचं टाकलं तर तिची सही, तिचं आधार, फालतू में लंबा हो जाएगा,” राहुल म्हणाला.

“टाक,” शामराव म्हणाले.

एवढंच. त्यात हाव नव्हती, कपटही नव्हतं. आळस होता. पण आळसाने केलेली गोष्टही केलेलीच असते, हे शामरावांना फार उशिरा कळलं.

सिंधुताईंना ते राहुलनेच सांगितलं. दिवाळीचा फराळ घेऊन गेला होता, जेवायला बसला आणि बोलता बोलता म्हणाला, “घर पप्पांच्या नावावर झालं, आत्या. वारस एकच ना, म्हणून झटपट काम झालं.” वाढता वाढता सिंधुताईंचा हात थांबला. मग त्यांनी त्याला आणखी भात वाढला.

पुढच्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्यांनी भावाला विचारलं, “शाम्या, बाबाचे वारस किती रे?”

“बाई, ते कागदाचं काम असते. तुले काय कमी हाय?”

“कमी हाय म्हनून नाई इचारून राहिली मी. किती ते सांग.”

शामराव हसले आणि उठले. उत्तर न देता हसून उठणं हा त्यांचा जुना उपाय. वर्ष संपायच्या आत तुमसरच्या कोर्टाचा समन्स सुपेल्यात आला. सिंधुताईंनी वाटणीचा दावा लावला होता.

शामराव खवळले. पण दुर्गच्या वकिलाने कागद चाळून पहिल्याच भेटीत त्यांना खूश करून टाकलं. तो म्हणाला, घरादाराचा, जमिनीचा दावा कुठेही लावता येत नाही. लावणारा कुठे राहतो याला किंमत नाही. जागा ज्या कोर्टाच्या हद्दीत, त्याच कोर्टात तो चालतो. घर भिलाईत, म्हणजे दावा दुर्गला. तुमसरच्या कोर्टाला तो ऐकताच येणार नाही.

शामरावांना कायद्याची ही बाजू भलतीच पटली. चहाच्या टपरीवर, मंदिराच्या ओट्यावर ते ज्याला त्याला सांगू लागले, “घर जिथं, दावा तिथं. कायद्याले डोस्कं हाय.” तुमसरच्या कोर्टात हरकत घेतली गेली, आणि कोर्टाने सिंधुताईंचा दावा योग्य त्या कोर्टात लावण्यासाठी त्यांना परत दिला. राहुलने पेढे आणले. शामरावांना वाटलं, बाई आता थकली, बसेल घरी. इतकी वर्षं बहीण म्हणून ओळखूनही त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. दोन महिन्यांत दावा दुर्गला लागला.

पहिल्या पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, जाताना बायकोने, गुलाबबाईंनी, त्यांच्या हातात दोन डबे दिले.

“दुसरा कोनाचा?”

“बाईचा. सकाळच्या गाडीनं निघाली असन ती. उपाशी असन.”

दुर्गच्या कोर्टाच्या आवारात एक मोठा पिंपळ आहे आणि त्याला सिमेंटचा पार आहे. सिंधुताई त्या पारावर बसल्या होत्या. एकट्याच आल्या होत्या, देवीदासांचे गुडघे गेलेले. चपला काढून खाली ठेवलेल्या, कापडी पिशवी मांडीवर. त्यांनी पिशवीतून फोडणीच्या भाताचा डबा काढला आणि लोकांकडे पाठ करून खायला लागल्या. परक्या गावात बाया खातात, तशा. शामराव दोन पावलं पुढे झाले.

राहुलने त्यांचा दंड धरला. “पप्पा, अपोझिट पार्टीशी बोलायचं नाही. वकीलसाहब ने साफ़ बोला है.”

राहुलचा हात आडवा झाला, आणि शामराव थांबले. संध्याकाळी दुसरा डबा तसाच घरी आला. गुलाबबाईंनी तो उघडला, हुंगला आणि मागच्या दारी गाईपुढे ओतला.

“नणंद माहेरच्या गावात येऊन झाडाखाली जेवली,” त्या म्हणाल्या. “आन् तुमी ते डोयानं पाह्यलं.”

“मी का करू? कायदाच तसा हाय. घर इथं हाय, म्हनून दावा इथं.”

“घर इथं हाय, म्हनूनच म्हनून राहिली मी.”

शामरावांनी पुढे टपरीवर तो नियम सांगणं बंद केलं.

मग जवाबदावा द्यायची वेळ आली. आपल्याकडे त्याला कैफियत म्हणतात. दाव्यात समोरच्याने एकेक परिच्छेद करून जे म्हटलेलं असतं, त्यातल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं असतं. परिच्छेदाला इथल्या कोर्टात ‘कंडिका’ म्हणतात. वकिलाकडे कागद टाइप होऊन तयार होता. तो वाचत गेला. कंडिका एक, बाबाराव वारले, स्वीकार. कंडिका दोन, सुपेल्यातलं घर बाबारावांचं होतं, स्वीकार.

“कंडिका तीन,” वकील म्हणाला. “वादिनी मृतक की पुत्री है. अस्वीकार.”

शामराव दचकले. “पर वो तो है, साहब.”

“है, तो साबित करें. उनके पास है क्या? प्लांट के किसी कागज़ में नाम नहीं, राशन कार्ड में नहीं. गाँव के स्कूल का रजिस्टर पता नहीं मिलेगा कि नहीं.” वकील चष्मा काढून समजुतीच्या सुरात सांगू लागला. “देखिए बांतेजी, नियम ये है कि जिस बात से आप साफ़ इनकार नहीं करेंगे, वो आपकी मानी हुई समझी जाएगी. गोलमोल बोलेंगे, चुप रहेंगे, तो भी मानी हुई. इसलिए सब ऐसा ही लिखते हैं. ये झूठ नहीं होता, ये जवाब का तरीका है.”

शामरावांनी राहुलकडे बघितलं. राहुलचा चेहरा उतरलेला होता. त्याची बायको रेणू पोटुशी होती, वरचा मजला चढवायचं दोघांनी ठरवलं होतं. “पप्पा,” तो हळूच म्हणाला, “अर्धं घर गेलं तर विकावंच लागेल. हम लोग कहाँ जाएँगे?” त्याचंही खोटं नव्हतं. खोल्या दोनच होत्या.

कागदाच्या शेवटी लिहिलं होतं की वरील सर्व मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे सत्य आहे. शामरावांनी सही केली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचणारा त्यांना निव्वळ लबाड समजेल. भिलाईच्या मराठी माणसाच्या आयुष्यात हिंदी कागद ही एक वेगळीच वस्तू आहे. हजेरी हिंदीत, सुट्टीचा अर्ज हिंदीत, सुरक्षेची शपथ हिंदीत. शामरावांनी नोकरीत असले शेकड्यांनी कागद सही करून दिले होते आणि त्यांतला एकही त्यांना स्वतःचं बोलणं वाटला नव्हता. तो कारखान्याचा आवाज, आपलं फक्त बोट. खरंखोटं करायचं ते घरी, मराठीत. बाई माझी कुणी नाही, असं मराठीत म्हणायला कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याच्या कानाखाली काढली असती. हिंदीत लिहिलं होतं म्हणून ते खपून गेलं.

पुढच्या पेशीला सिंधुताईंच्या वकिलाने जवाबदाव्याची नक्कल त्यांच्या हातात दिली आणि तो दुसऱ्या कामाला गेला. सिंधुताई चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षरं तीच, तेव्हा पारावर बसून त्या बोट फिरवत, मोठ्याने, एकेक शब्द लावत वाचू लागल्या. शामराव आणि राहुल चार हातांवर उभे होते. दुपारची वेळ, आवारात गर्दी, पण शामरावांना दुसरं काहीच ऐकू येईना.

“वादिनी... मृतक बाबाराव की... पुत्री... नहीं है.”

सिंधुताईंनी ते परत वाचलं. मग कागद उलटून शेवटची सही बघितली. मान वर केली आणि सरळ भावाकडे बघितलं.

“शाम्या, हे तुहं लिहलेलं हाय?”

राहुल पुढे झाला. “आत्या, तो फॉर्मेट असतो...”

“तुले नाई इचारलं मी. शाम्या, सही कोनाची हाय?”

“वकिलानं लिहलं, बाई,” शामराव म्हणाले.

“सही कोनाची?”

शामराव गप्प राहिले. गप्प राहिलं तर मान्य केलं असं धरतात, हे त्यांना आता माहीत होतं. सिंधुताईंनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली. आवाज चढवला नाही, की डोळ्याला पदर लावला नाही.

“मंग सारा जनम भाऊबीजेले तू कोनाच्या घरी येत होता?” एवढं विचारून त्या उठल्या आणि चपला पायात घालून वकिलाला शोधायला गेल्या.

तो प्रश्न शामरावांबरोबर घरी आला आणि घरातच राहिला. जेवताना होता, पेरूच्या झाडाला पाणी घालताना होता. मोहफुलांचा किस्सा आठवला की त्यांना वाटे, हा आता आपल्याला कुणाला सांगता यायचा नाही. जिच्या पाठीवर बसून आलो, ती कोण? कागदावर तर कुणीच नाही. मेलेल्या बापाला एक पोर होती, ती आपण एका सहीने पुसली. बाबारावांचा फोटो समोरच्या खोलीत होता. शामराव त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागले.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी ते नेहमीसारखे पहाटे उठले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. गुलाबबाईंनी चहा दिला. मग ते ओट्यावर बसले आणि गाडीची वेळ निघून जाईपर्यंत तसेच बसून राहिले.

“जाऊन पाहा ना,” गुलाबबाई म्हणाल्या.

“कोन्या तोंडानं?” शामराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

त्या रात्री ते राहुलला म्हणाले, “मले ते कंडिका तीन बदलाचं हाय.”

राहुलने जेवणाचं ताट बाजूला सारलं. “पप्पा, आता बदललं तर केस खतम. तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत हाय.”

“तर मग ऐका. तुम्ही असं केलं तर मी आणि रेणू मोहन नगरला भाड्यानं खोली घेऊ. मला इथं राहायचं नाही. तुम्हाला बहीण पाहिजे, ठीक आहे. मला पण पोर होणार आहे, मी पण बाप आहे.”

त्याचा आवाज फुटला होता. शामरावांना त्याची दया आली आणि भीतीही वाटली. एका बाजूला पोरगा, एका बाजूला बहीण. ते म्हणाले, “पाहू.” तोही त्यांचा जुनाच उपाय होता.

थंडी पडली तेव्हा पुढची पेशी आली. निघताना गुलाबबाईंनी पुन्हा दोन डबे पिशवीत घातले. राहुल मोटरसायकलवर मागे बसवून त्यांना घेऊन आला.

कोर्टाच्या खोलीत न्यायाधीश मॅडम होत्या, वयाने राहुलएवढ्याच. मुद्दे ठरवण्याआधी दोन्ही बाजूंना काय मान्य आहे आणि काय नाही हे विचारून घ्यायची पद्धत असते. बहुतेक वेळा वकीलच दोन वाक्यांत उत्तर देतात आणि पुढची तारीख पडते. मॅडमनी मात्र फाइल वाचलेली दिसली. त्यांनी दाव्यावरून नजर उचलली आणि विचारलं, “प्रतिवादी शामराव उपस्थित हैं?”

शामराव पुढे झाले. पलीकडे, भिंतीला धरून, सिंधुताई उभ्या होत्या. जाड स्वेटर, त्यावरून पदर.

“इनको जानते हैं आप?” मॅडमनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

वकील लगबगीने उठला. “माननीय, जवाबदावे में सब आ चुका है. कंडिका तीन...”

“मैंने पढ़ा है. मैं पक्षकार से पूछ रही हूँ. बताइए, ये आपकी कौन हैं?”

शामरावांनी मागे बघितलं. दाराशी राहुल उभा होता. त्याने हात वर केला नाही, आडवाही केला नाही. तो जमिनीकडे बघत होता. वकील भुवया उंचावून खुणावत होता, पण ज्याच्या हाताकडे बघायची शामरावांना सवय होती, तो हा माणूस नव्हता. सबंध आयुष्यात पहिल्यांदाच खाली कुणी इशारा द्यायला नव्हतं, आणि वजन तर वर लटकलेलं होतं. सिंधुताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या मॅडमच्या टेबलाकडे, कागद जिथे होता तिथे, बघत होत्या.

“मेरी बड़ी बहन है,” शामराव म्हणाले. “मेरे बाप की बेटी है.”

वकील खाली बसला.

मॅडम म्हणाल्या, “आपने तो लिखकर इनकार किया है. ये दस्तखत आपके हैं?”

“मेरे हैं. दस्तखत सही है, मॅडम. बात झूठी है. मुझे मालूम था, तब भी किया.”

“इसका नतीजा समझते हैं आप? दबाव में तो नहीं बोल रहे?”

“समझता हूँ. आधा घर इसका है.” मग हिंदी त्यांना पुरेना. ते बहिणीकडे वळले आणि भर कोर्टात मराठीत म्हणाले, “बाई, बाबाचे वारस दोन. तू आन् मी. तू इचारलं तवाच सांगाले पायजे होतं.”

मॅडमनी त्यांना थांबवलं नाही. मग त्या टंकलेखकाला मजकूर सांगू लागल्या. प्रतिवादीने स्वतः उपस्थित राहून वादिनी ही मृत बाबारावांची मुलगी असल्याचं मान्य केलं आहे, असा तो होता. कागद छापून समोर आला. शामरावांनी खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सिंधुताईंसारखंच, बोट फिरवत वाचलं. वकिलाने दोनदा घड्याळ बघितलं. मग त्यांनी सही केली.

बाहेर आले तेव्हा राहुल मोटरसायकलजवळ उभा होता. त्याने बापाकडे बघितलं. रागावलेला होता, पण त्याहून जास्त थकलेला दिसत होता. “मी खोली बघायला जाऊन राहिलो, पप्पा,” तो म्हणाला. “तुम्ही ऑटोनं या.” आणि तो गेला. शामरावांनी त्याला हाक मारली नाही.

सिंधुताई पारावर येऊन बसल्या होत्या. शामराव पिशवी घेऊन समोर उभे राहिले.

“बाई, घरी चाल,” ते म्हणाले. “गुलाब वाट पाहून राहिली.”

“नाई येत.”

“अजून राग हाय?”

“राग तर हायेच. तो का एका सहीनं जाते?” सिंधुताईंनी पदराने चेहरा पुसला. “पन त्याच्यासाठी नाई. आजपावतर तुह्या घरी मी पाव्हनी म्हनून आली. चार दिस राहिली, साडी घेतली, गेली. बाबाचं घर होतं ते, पन मले त्यात पाय पसरून कधी बसता नाई आलं. तुह्या मायनं कधी वाईट नाई वागवलं, पन मी पाव्हनीच. आता निकाल लागू दे. मंग येईन. माह्या हिश्शात येईन, माह्या हातानं कुलूप काढीन. तवर सुपेल्यात पाय ठेवत नाई मी.”

“अन् तवर?”

“तवर का? पेशीले येईन. कायदा तूच काढला ना, घर जिथं दावा तिथं?”

शामरावांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. सिंधुताईंनी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

“त्याच्यात का हाय?”

“डबा. तुहा. गुलाबनं देला.”

“पयल्या पेशीलेही देला असन तिनं.”

शामरावांनी हो म्हणून मान हलवली. सिंधुताई सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झाडली.

“बस,” त्या म्हणाल्या. “थंडा व्हाच्या आत खाऊन घेऊ.”

शामरावांनी चपला काढल्या आणि बहिणीच्या चपलांशेजारी ठेवल्या. काळे कोट इकडून तिकडे जात होते, कुणाकुणाचे पुकारे होत होते. वादी आणि प्रतिवादी पारावर बसले आणि डबे उघडून जेवू लागले. या खेपेला सिंधुताईंनी लोकांकडे पाठ केली नव्हती.